जावा बोलेना!

दगडालाही मी बोलतं करते! हे मी स्वतः सांगत फिरत नाही, लोकच म्हणतात. म्हणजे आधी मी त्यांना सांगते, मग ते म्हणतात.

माझं कामच तसं आहे. कपडे धुण्याच्या एका भल्यामोठ्या कारखान्याचा कॉम्प्युटर प्रोग्राम मी घरी बसून सांभाळते. शहरातल्या हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दवाखान्यांच्या चादरी, सगळं तिथे धुऊन निघतं, आणि ढकलगाड्यावरची नंबराची पाटी वाचून कुठला ढीग कुठल्या पत्त्यावर जायचा ते हा प्रोग्राम ठरवतो. तो लिहिलाय जावा नावाच्या भाषेत. दिवसभरात आपण काय काय केलं, हे तो एका फायलीत लिहून ठेवतो. तिला म्हणतात लॉग. प्रोग्रामची रोजनिशीच म्हणा! काही बिघडलं की मी रोजनिशी उघडते, चार ओळी वाचते, आणि चोर सापडतो. आता प्रोग्रामने किती बोलायचं आणि किती गिळायचं, हे ठरवणारी आणखी एक छोटीशी फाईल असते. कॉन्फिगरेशन तिचं नाव. मी तिला तोंडाची किल्ली म्हणते.

आणि किल्ली माझ्या हाती!

गेल्या महिन्यात या प्रोग्रामने बडबडून बडबडून मशीनची सगळी जागा भरून टाकली होती. पंखा फिरला तरी लिहायचा, माशी बसली तरी लिहायचा! मी किल्ली फिरवली. प्रोग्रामच्या सगळ्या भागांची तोंडं बंद केली आणि गाड्यांवर माल चढवणारा 'वितरण' नावाचा जो भाग आहे, तेवढ्यालाच बोलायची परवानगी दिली. त्यानंतर महिनाभर इतकी शांतता, इतकी शांतता! मला वाटलं, वा! काय माझी शिस्त!

घरातही तशीच शांतता होती. दीर आणि आमचे हे सकाळीच कामावर जातात. उरतो आम्ही तिघी. सासूबाई स्वयंपाकघरात, थोरल्या जाऊबाई जेवणाच्या टेबलाशी आणि मी पलीकडच्या चिंचोळ्या खोलीत, दार लोटून. जाऊबाई मुद्रितशोधक आहेत. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका वेचतात. तांदळातले खडे वेचावेत तशा! पस्तीस वर्षं लाल पेन्सिल हातात आहे. मी या घरात नवी होते, नोकरी नव्हती, तेव्हा माझा पहिला अर्ज त्यांनी सात वेळा तपासला होता. सातव्यांदा म्हणाल्या, "आता यात चूक उरली नाही, धाकटे. आता नोकरी दिली नाही तर चूक त्यांची."

रोज साडेदहाला त्या माझ्यासाठी चहा आणतात. कपावर बशी झाकलेली. महिन्यापूर्वीपर्यंत चहाबरोबर दहा मिनिटं गप्पाही यायच्या. हल्ली नुसता चहा ठेवून जातात. मला वाटलं, वा! किती समजूतदार!

तर त्या दिवशी सकाळी दहाला कारखान्याच्या मॅनेजरांचा फोन आला. आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतो, कारण त्यांच्या आवाजालासुद्धा सुरकुती नसते. त्या दिवशी मात्र आवाज पार चुरगळलेला.

"बाई, दवाखान्यात वेटरांचे ॲप्रन गेलेत! चाळीस! सर्जन ॲप्रन बांधून उभे आहेत आणि पेशंट विचारतोय, मेन्यू कार्ड कुठेय?"

"अरे देवा!"

"आणि हॉटेलातल्या टेबलांवर ऑपरेशनच्या हिरव्या चादरी! गिऱ्हाईक म्हणतंय, जेवायचंय की भूल घ्यायचीय? दुपारच्या गाड्या एकला सुटतात. त्याच्या आत चूक सांगा."

"पाच मिनिटं!" मी म्हणाले आणि लॉग उघडला.

लॉग कोरा! एक अक्षर नाही! धुऊन, नीळ घालून, वाळवून ठेवल्यासारखा पांढराशुभ्र!

मी लगेच चष्म्याला फोन लावला. चष्मा म्हणजे आमच्या ऑफिसातला सोबती. त्याच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की त्याला उद्याची चूक आजच दिसते असं आम्ही म्हणतो. मी हेडफोन लावला. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, हेडफोन लावला की माणसाला वाटतं आपण सोडून सगळं जग बहिरं झालंय. मी ओरडूनच बोलायला लागले.

"अरे, जावाने महिनाभर तोंडच उघडलेलं नाही!"

"मेली की काय?" चष्मा म्हणाला.

"छे! जिवंत आहे. कामं सगळी करतेय, पण मुकाट्याने! मीच गेल्या महिन्यात तिचं तोंड बंद केलं होतं. किती ती बडबड! जागा पुरेना!"

"मग आता?"

"आता पातळी खाली आणते तिची. पातळी खाली आणली की पोटातलं सगळं ओकेल!"

"आणि नाही बोलली तर?"

"तर मारून टाकायची आणि पुन्हा उठवायची! पहिल्यांदा का मारतोय आपण?"

"जुनी झालीय ती," चष्म्याने सुस्कारा सोडला.

"तेच तर! नवी आणा, नवी आणा म्हणून मी केव्हाची सांगतेय! पण थोरले घाबरतात!"

थोरले म्हणजे आमचे थोरले साहेब. नवीन जावा बसवायची म्हटलं की ते रजेचा अर्ज टाकतात.

आता जोडून पाहते तेव्हा आठवतं, दाराबाहेर पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज येत होता, तो 'जावाने' म्हणताक्षणी थांबला. आणि 'थोरले घाबरतात' म्हटल्यावर पेन्सिल खाली पडली. पण तेव्हा माझं चित्त होतं किल्लीत!

मी 'वितरणा'ची पातळी खाली आणली. म्हणजे त्याला सांगितलं, बाबा रे, बारीकसारीकही सगळं बोल. मारलं, उठवलं. लॉग कोरा! पुन्हा पातळी खाली. पुन्हा मारलं, पुन्हा उठवलं. कोरा! तिसऱ्यांदा, चौथ्यांदा! दगड परवडला, दगडावर निदान शेवाळ तरी उगवतं!

सव्वाअकरा झाले. आणि माझ्या एकदम लक्षात आलं, चहा आलेला नाही.

आठ वर्षांत चहा चुकला नव्हता. मी हेडफोन तसाच डोक्यावर ठेवून बाहेर आले. टेबलावर जाऊबाई नव्हत्या. कागदही नव्हते. सासूबाई स्वयंपाकघरातल्या खणाला पाठ लावून पहाऱ्यावर असल्यासारख्या उभ्या होत्या.

"सासूबाई, चाकू कुठेय?"

"कशाला हवाय?"

"चहा नाही, तर सफरचंद तरी कापते."

"दातांनी खा!"

"अहो, असं काय करता? आणि जाऊबाई कुठायत?"

"तिच्याशी आता तुझं काय काम? मारायचं, उठवायचं, सगळं ठरवून झालंय ना? मारशील गं, पण उठवशील कशी? उठवायचं कुणाला जमलंय आजवर?"

मला काही उमगेना. कानात चष्मा विचारत होता, "सापडलं का?" तेवढ्यात जाऊबाई खोलीतून आल्या. हातात बॅग. बॅगेच्या तोंडातून छापखान्याचे कागद डोकावत होते. आणि चेहरा? लॉगसारखा! कोरा!

"जाऊबाई, कुठे निघालात?"

उत्तर नाही.

"काही झालंय का?"

बॅगेची चेन ओढली, तेवढाच आवाज.

अशा वेळी माझ्या मनात उगीच ओव्या जुळतात. रडू यायच्या आधी येतात, पावलं वाजावीत तशा:

जाऊबाई माझी, मौनाची गं पेटी
कुलूप मीच लावलं, किल्ली माझ्या गाठी

मी बॅगेचा दुसरा बंद धरला. "तुम्ही बोलल्याशिवाय सोडणार नाही!"

"का?" जाऊबाई शेवटी म्हणाल्या. आवाज इतका हलका, की टेबलावर ठेवला असता तर वाऱ्याने उडाला असता. "पातळी खाली आणायचीय माझी? अजून? जुनी झालेय मी, कबूल. बडबड करते, कबूल. जागा पुरत नाही, तर ही बघ, केली रिकामी. बहिणीकडे जाते. पण ह्यांच्यासाठी नवी आणायला निघालीस तू? तीही केव्हापासूनची? आणि हे नुसते घाबरतात? नाही म्हणत नाहीत?"

पाणी पिता पिता चष्म्याला ठसका लागल्याचा आवाज कानात आला. पाठोपाठ दुसरा आवाज. इस्त्रीसाहेब! ते केव्हा फोनवर जोडले गेले होते देव जाणे!

"बाई, तुमच्याकडे चाललंय काय?"

"धुणं!" मी किंचाळले.

घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत म्हणतात. मी ती थेट धुलाई कारखान्यातच पाठवली होती!

मी हेडफोन ओढून काढला. फोनचा आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला. "चष्म्या, सांग! सांग यांना!"

"थोरल्या बाई," चष्मा खोकत म्हणाला, "ती जावा आहे हो! कॉम्प्युटरची भाषा आहे! बंद करून परत चालू करायचं, त्याला आम्ही मारणं म्हणतो. मीसुद्धा रोज मारतो!"

"तूसुद्धा?" सासूबाईंनी खण आणखी घट्ट धरला.

जाऊबाई मात्र थबकल्या. स्वतःचा चष्मा नाकावर सरकवला, जणू ऐकलेलं वाक्य पुन्हा वाचत होत्या.

"जावाने? जावेने नव्हे?"

"जावाने! जावाने!"

"म्हणजे काना होता." त्या खुर्चीत बसल्याच. "काना होता, आणि मी मात्रा ऐकली? मी? पस्तीस वर्षं मुद्रितं तपासणारी मी!"

मी हसले. चष्मा हसला. इस्त्रीसाहेबसुद्धा घडी न मोडता हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. बॅगेचा बंद बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "ते सगळं त्या भाषेचं, ठीक. पण गेल्या महिन्यात तोंड बंद केलंस, ते माझंच ना? चहा घेऊन आले होते. 'मीटिंगमध्ये आवाज जातो, इथे बोलत जाऊ नका,' म्हणालीस. वळूनही पाहिलं नाहीस. म्हणून तर ऐकलेलं सगळं खरं वाटलं."

माझा दगड झाला. बोलतं करणारीचाच!

"चुकलं माझं," मी म्हणाले. "त्या दिवशी नव्हे, महिनाभर चुकलं. मला वाटलं तुम्ही समजूतदारपणे गप्प आहात. तुम्ही नुसत्याच गप्प होतात."

जाऊबाईंनी बॅगेची चेन उघडली. आतून लाल पेन्सिल काढली. रागावलेलं माणूस सामान सोडताना पहिली वस्तू कोणती बाहेर काढतं, त्यावरून सगळं कळतं.

"चल," त्या उठल्या. "तुझी ती दुसरी मुकी दाखव."

मी त्यांना आत नेलं. एका बाजूला तोंडाची किल्ली, दुसऱ्या बाजूला प्रोग्राम. त्यांनी दोन्हींवरून नजर फिरवली. अर्थ कळत नव्हता, पण मुद्रितशोधकाला अर्थ लागतोच कुठे! दहा सेकंद. जास्तीत जास्त बारा. मग पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकलं.

"इथे इंग्रजीत वितरण लिहिलंय, मधला 'ए' घालून. आणि तुझ्या किल्लीत तो 'ए' गाळलाय. इथे वितरण, तिथे वित्रण. दोन माणसं आहेत की एकच?"

मी डोळे फाडून पाहत राहिले. महिनाभर मी बोलायची परवानगी देत होते ती वित्रण नावाच्या, जगात नसलेल्या इसमाला! पातळी खाली आणत होते तीही त्याचीच! आणि खरा वितरण बिचारा ओठ शिवून कामं करत होता!

मी 'ए' घातला. मारलं, उठवलं. आणि काय सांगू! लॉग वाहायलाच लागला! ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ! पहिल्याच फेरीत चोर हाती आला.

"साहेब!" मी फोनमध्ये म्हणाले. "आज दुपारच्या तयारीत नऊ नंबरचा गाडा दोनदा आलाय. दवाखान्याचा सहा नंबर आलेलाच नाही! पहिला नऊ हॉटेलच्या नावावर पडला, आणि मागून आलेला दुसरा उरलेल्या जागी, दवाखान्याच्या!"

पलीकडे बूट धावले. थोड्या वेळाने धापा टाकत आवाज आला, "बाई! सहाच्या पाटीचा एक खिळा निसटलाय! पाटी उलटी लोंबतेय! सहाचा नऊ झालाय!"

घड्याळात साडेबारा. गाड्या सुटायला अर्धा तास. हिरव्या चादरी दवाखान्याकडे, ॲप्रन हॉटेलाकडे! मी खुर्चीत मागे रेलले. डोक्यावरून पाण्याची भरलेली बादली उतरवून ठेवावी तसं हलकं वाटलं. आणि डोळ्यांपुढे अलगद एक कप आला. बशी झाकलेला.

चहाबरोबर जाऊबाई बसल्या आणि बोलायला लागल्या. महिन्याभराचं साठलेलं! छापखान्यातलं, बहिणीकडचं, खालच्या मजल्यावरच्या बाईच्या मांजराचं! पातळी तळाला गेलेली! मी मध्ये 'हं'सुद्धा म्हटलं नाही, न जाणो ओघ थांबायचा!

सासूबाईंनी खणातला चाकू काढून माझ्यापुढे ठेवला. जाता जाता दारातून म्हणाल्या, "नवी आणायचं रद्दच ना? नाही, माझ्या डोक्यात एक मुलगी येऊन गेली होती, म्हणून विचारलं."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीसाहेबांचा फोन आला. "त्या बोलतं करणाऱ्या बाईंना द्या जरा."

"बोलतेय," मी मान ताठ करून म्हणाले.

"तुम्ही नव्हे हो. मोठ्या बाई."

असो. ही हकीकत छापायला देण्याआधी जाऊबाईंनीच तपासली आहे. साऱ्या मजकुरात त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. अगदी पहिल्या वाक्यात, 'दगडालाही मी बोलतं करते' यातला 'मी' काढून टाकावा, म्हणून त्याच्याभोवती लाल गोल केलाय.

मी तो तसाच ठेवलाय. फक्त तुम्ही वाचताना त्या 'मी'ची पातळी जरा खाली आणून वाचा.