कॉफी ग्राइंडर निवड समिती, माधव नगर

वस्तू विकत आणणं हे अडाणी माणसाचं काम आहे. सुजाण माणूस वस्तू निवडतो. या दोन्हींत साधारण दहा महिन्यांचं अंतर असतं, हे उज्जैनच्या माधव नगरातल्या सुहासराव पागनीस यांनी सिद्ध करून दाखवलं आहे.

सुहासराव एका सरकारी खात्याच्या खरेदी शाखेतून निवृत्त झाले. (तेहेतीस वर्षांत तिथे एकही चुकीची खरेदी झाली नाही. बरोबर खरेदीही फारशी झाली नाही, पण तिची चौकशी होत नसते.) त्यांचे पूर्वज सरदारांच्या पागेत घोडे पारखायला होते. तोंड उघडून दात मोजल्याशिवाय त्यांनी एकही जनावर आत घेतलं नाही, हे सुहासराव प्रत्येक पाहुण्याला पाणी यायच्या आत सांगतात.

प्रकरण जानेवारीत सुरू झालं. पत्नी उषाताईंच्या साठीनिमित्त बंगळुरूच्या लेकीनं, निहारिकानं, ताज्या भाजलेल्या कॉफीच्या बियांचं पाकीट आणि पितळी फिल्टर पाठवला. उषाताईंचे वडील हुबळीला रेल्वेत होते. रोज सकाळी ते हातानं कॉफी दळत आणि त्या वासानं घर जागं होई. लग्न होऊन उज्जैनला आल्यावर ते संपलं. इथे कॉफी म्हणजे लग्नाच्या मांडवात मशीनमधून फुसफुसत येणारा फेस, वर चॉकलेटची भुकटी. साठीच्या बाईला तो वास एकदा आपल्या घरात हवा होता. मागणी एवढीच होती.

“मिक्सरमध्येच फिरवून घेते ना,” त्या म्हणाल्या. “एक कप तर पाहिजे.”

“अगं, मिक्सर दळत नाही, मारतो!” सुहासराव ओरडले. (हे त्यांना त्याच दिवशी सकाळी एका व्हिडिओतून कळलं होतं.)

पाकीट ‘चाचणीचा नमुना’ म्हणून चिकटपट्टी लावून, वर सही करून, लोखंडी कपाटात ठेवण्यात आलं. त्यावर ‘एक महिन्यात वापरावे’ असं छापलं होतं. ही सूचना असून ग्राहकावर बंधनकारक नाही, असा शेरा पडला.

मग समिती बसली. अध्यक्ष सुहासराव, सचिव सुहासराव, आणि तज्ज्ञ सदस्य शेजारचे विलासराव, जे कॉफी पीत नसल्यामुळे निःपक्षपाती होते. समितीच्या मते ग्राइंडर तीन जातींचे असतात. पात्याचा स्वस्त, म्हणून संशयास्पद. दातेरी चाकांचा विजेवरचा उत्तम, म्हणून महाग. हातानं फिरवायचा उत्तमही आणि स्वस्तही. तो पहिल्याच बैठकीत बाद झाला, कारण तो घेतला असता तर दुसरी बैठक झाली नसती. उषाताईंच्या वडिलांकडे हाच होता. पण त्यांनी तीन कोटेशनं मागवली होती याचा पुरावा कुठेच नाही.

एप्रिलअखेर अध्यक्षांनी दोनशे चौदा व्हिडिओ पाहिले. पैकी एकशे नव्वदांनी आपल्या आधीच्याला खोटं ठरवलं; उरलेले चोवीस गरम मसाल्याचे निघाले. ‘परवडणारा’ या शब्दाची व्याख्याही ठरली: जो गेल्या आठवड्यात याहून स्वस्त होता तो. ही व्याख्या इतकी अचूक आहे की तिच्यात बसणारी वस्तू बाजारात कधीच सापडत नाही.

प्रत्यक्ष पाहणीसाठी समिती टावर चौकात गेली. सुहासरावांनी दुकानदाराला मशीन उघडून दात दाखवायला सांगितलं.

“बाबूजी, मिर्ची, हल्दी, कॉफी, सब पीसेगी,” दुकानदार म्हणाला. “दाँत क्यों देखने हैं? काटेगी थोड़ी!”

दुकान अपात्र ठरलं.

“अहो, चार महिने होऊन राहिले,” उषाताई म्हणाल्या. “पडून पडून बेकार होऊन जाईल ते.”

“प्रक्रिया चालू आहे.”

जूनमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, “पाकिटाचा वास तरी घेऊ द्या.” पण त्यानं सील तुटलं असतं. यानंतर त्यांनी काही मागितलं नाही, आणि सुहासरावांनी फाइलवर लिहिलं: मागणी आपोआप निकाली. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत इतकी सुखासुखी मिटलेली फाइल त्यांनी पाहिली नव्हती.

नोव्हेंबरात ग्राइंडर घरी आला. फेब्रुवारीत समितीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता तोच, फक्त चारशे रुपयांनी महाग. दात मोजण्यात आले, छत्तीस भरले. कपाट उघडलं, सील समारंभपूर्वक तोडलं आणि बिया दळल्या. भुकटी अशी एकसारखी पडली की विलासरावांनी चिमटीत घेऊन “वा!” म्हटलं. वास मात्र पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेसारखा येत होता.

उषाताईंनी कप नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला.

“कशी आहे?” सुहासरावांनी विचारलं.

“गरम आहे,” त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी चहा टाकला.

ग्राइंडर सध्या ताकासाठी जिरं दळतो आणि फार छान दळतो. पितळी फिल्टर देवघरात उदबत्त्यांसाठी आहे. एवढा चांगला माणूस आणि एवढी चांगली पद्धत असूनही बाईला एक कप कॉफी मिळाली नाही, याचं कुणाला वाईट वाटलं असेल तर तो दोष पद्धतीचा नाही.

कॉफी दळली त्याच संध्याकाळी सुहासरावांनी ग्राइंडर जिथून मागवला त्या दुकानाच्या वेबसाइटवर अभिप्राय लिहिला: ‘दहा महिन्यांच्या सखोल अभ्यासानंतरचं मत. दात भक्कम. घरच्या मंडळींनाही पसंत. पाच तारे.’ तो उपयुक्त वाटल्याची नोंद आजवर चारशे बारा जणांनी केली आहे.

त्यात तुम्हीही आहात. ग्राइंडर तुम्ही अजून घेतलेला नाही, आणि घाई करण्याचं कारणही नाही. पुढचा अभिप्राय उघडण्याआधी फक्त एकदा स्वयंपाकघरात डोकावा, आणि तिथलं माणूस तुमच्याकडे मागायचं कधीपासून थांबलंय, तेवढं आठवून पाहा.