दारातल्या चपला, दर्यातला तपास

माझ्यासारखा माणूस चाकणच्या पट्ट्यात पुन्हा होणे नाही, असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात. म्हणजे म्हणायला पाहिजे. मी बबनराव तापकीर, मुक्काम चऱ्होली. चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या मेन गेटवर आयुष्य काढलेला सिक्युरिटी सुपरवायझर. सध्या निवृत्त आणि खासगी गुप्तहेर. माझी नजर म्हणजे एक्स-रे. समोरून येणाऱ्याच्या चालीवरून त्याच्या डब्यात भाजी आहे की चोरलेलं बेअरिंग, हे मी डबा न उघडता सांगायचो. एकदा खरंच बेअरिंग निघालं. बाकीच्या वेळी भाजी निघाली, पण ती भाजीही मला काही सरळ वाटली नव्हती.

माझी पद्धत साधी आहे. काही हरवलं की पहिल्यांदा गेट बंद करायचं. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. मग एकेकाची झडती. या पद्धतीनं एकही गुन्हेगार माझ्या हातून सुटलेला नाही. फारसे सापडलेही नाहीत, पण तो मुद्दा वेगळा. निवृत्तीनंतर चऱ्होलीत मी चतुराबाईंच्या पळवलेल्या मांजरीचा तपास केला. मांजर स्वतःच्या मर्जीनं शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेली होती, तिथं दूध चांगलं मिळायचं. सज्ञान मांजरीला आपण काय बोलणार, म्हणून मी फाइल बंद केली.

तर यंदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या धनेशनं सगळ्यांना क्रूझवर नेलं. धनेश वाकडला राहतो, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि त्याचे पैसे मिळतात. मुंबईहून बसायचं, गोव्याला जायचं आणि परत यायचं. सोबत सूनबाई विजयश्री आणि तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही उद्धवराव. उद्धवराव मूळचे लातूरकडचे, भोसरीत त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. विहीणबाईंना पाणी बघूनच गरगरतं, म्हणून त्या आल्या नाहीत.

जहाज कसलं, वाकडची एखादी सोसायटी उचलून समुद्रात ठेवली होती. लिफ्ट होत्या, पोहायचा तलाव होता, दुकानं होती. फक्त पार्किंगवरून भांडणं नव्हती. चढताना फोडायला म्हणून मी नारळ नेला होता, तो तपासणीच्या पोरानं काढून घेतला. बाकीच्यांना राग आला. मला त्या पोराचं कौतुक वाटलं, कारण माणूस आपल्या धंद्यातला होता.

आता एक गोष्ट तपासाच्या दृष्टीनं बिनमहत्त्वाची आहे, पण आमची इंदू ती तीनतीनदा बोलली म्हणून सांगून टाकतो. इंदू म्हणजे आमची मंडळी. घाट उतरताना ती गाडीत म्हणाली होती, "ह्या टायमाला दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं. वाढायला दुसरं कुणीतरी." आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला माझी दरवर्षी सेकंड शिफ्ट लागायची आणि वर ओव्हरटाइम. त्याला मी काय करणार, गेट काय आपोआप सांभाळलं जातं? तर धनेशनं जहाजाच्या मोठ्या डायनिंग हॉलमध्ये आम्हा दोघांचं टेबल सांगून ठेवलं होतं, केकसकट. तिथले नियम कडक. अनवाणी माणसाला प्रवेश नाही, आणि नऊ वाजले की दार बंद. इंदूनं त्यासाठी पिंपरीच्या बाजारातून सोनेरी पट्ट्याच्या नव्या चपला घेतल्या होत्या. बंदरावर उतरेपर्यंत तिनं त्या खोक्यातून बाहेर काढल्या नाहीत, मग जुन्या गाडीतच ठेवल्या.

त्या दिवशी चारच्या चहाला सगळे आमच्या खोलीत जमले. जहाजावर फुकट खायला काय वाटेल ते होतं, पण इंदूनं चिवडा आणि बेसनाचे लाडू आणले होते आणि ते संपवायचे होते. आल्या आल्या सगळ्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. पायातलं घालून खोलीत शिरायची आमच्यात पद्धत नाही, मग खोली जमिनीवर असो की पाण्यावर. एसी जातो म्हणून दार लावून घेतलं आणि तासभर गप्पा मारल्या. विजयश्री निघायला उठली, तिनं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

दारात एकही चप्पल नव्हती. माझे पॉलिश केलेले काळे बूट, इंदूच्या नव्या चपला, धनेशचे आणि सूनबाईचे सँडल, सगळं गायब. लांबच लांब मोकळा बोळ आणि त्यावर स्वच्छ गालिचा. धनेशकडे आणि सूनबाईकडे त्यांच्या खोलीत दुसरे बूट होते. आम्हा दोघांकडे एवढंच होतं, कारण बॅगेतली बाकीची जागा चिवड्यानं घेतली होती. इंदू पलंगाच्या कडेला पाय पोटाशी घेऊन बसली.

"आता काय घालून जाऊ हो मी?" ती म्हणाली.

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि जाहीर केलं, गेट बंद.

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. धनेश उचलायला गेला, त्याचा हात मी वरच्यावर धरला. चपला जातात आणि लगेच फोन येतो, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळावा. खंडणी. आणि खंडणीचा पहिला फोन कधी उचलायचा नसतो, चोराला वाटतं आपण घाबरलो. धनेश म्हणाला, अण्णा, रिसेप्शनला विचारू की. मी त्याला समजावलं की रिसेप्शन हे स्वतःच संशयितांच्या यादीत आहे. ऑफिसात साहेब काही बोलला की करतो तसा चेहरा त्यानं केला.

झडतीत पहिल्याच फेरीत माल सापडला. उद्धवरावांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात जोडा होता. त्यांचाच. सगळ्यांच्या चपला जातात आणि एकाचाच जोडा पिशवीत सुखरूप बसतो. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, हे काय आहे.

"मला काय विचारायलाव, इवाई?" उद्धवराव लाडू खात म्हणाले. "देवळाबाहेरून जोडा गेला एकदा, तवापासून पायातलं पिशवीत. माझा जोडा माझ्या पिशवीत हाय, ह्यात चोरी कुठं आली?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. चोरी होणार हे ज्याला आधीच ठाऊक होतं, तो साधा माणूस असूच शकत नाही. मी तसं म्हणालो. विजयश्री अगदी शांत आवाजात म्हणाली, "अण्णा, ते माझे वडील आहेत." सूनबाईचा आवाज चढला की घरात वादळ येतं आणि उतरला की धनेशची बदली हॉलमधल्या सोफ्यावर होते, हे मला माहीत होतं. मी उद्धवरावांना जामिनावर सोडलं. धनेश आणि सूनबाई पण निघाले, त्यांना कसला तरी जादूचा शो बघायचा होता. जाता जाता धनेश आईला म्हणाला, टेबल सांगितलंय, विसरू नका. जसं काही ती विसरणार होती.

मग मी शास्त्राकडे वळलो. जहाज पाण्यावर असतं, पाणी हलतं, म्हणजे जहाज कलतं. जहाज कललं तर चपला घरंगळत बोळाच्या टोकाला जायला पाहिजेत. खात्री करायला मी एक बेसनाचा लाडू बोळात गालिच्यावर ठेवला आणि दाराच्या फटीतून दोन तास पाळत ठेवली. लाडू हलेना. अर्थात इंदूचे लाडू मुळात गोल नसतात, त्यामुळे प्रयोगात थोडी चूक धरावी लागते. एवढ्यात समोरून खोल्या साफ करणारा एक पोरगेला माणूस ढकलगाडी घेऊन आला. लाडू बघून थांबला. कागदात धरून तो त्यानं अलगद उचलला, छोट्या पिशवीत घातला, पिशवीवर आमच्या खोलीचा नंबर लिहिला आणि शीळ घालत पुढं गेला.

म्हणजे पुरावाही चोरीला गेला. माझ्या डोळ्यांदेखत. पण मी गडबडलो नाही. चपला नेणारा माणूस लाडू कशाला नेईल? हे उघडच दोन वेगळ्या टोळ्यांचं काम होतं, एक पादत्राणं शाखा आणि एक खाद्यपदार्थ शाखा. थोड्याच वेळात फोन पुन्हा वाजला. मी इंदूला म्हटलं, बघ, आता लाडवाचीही खंडणी मागतायत.

इंदू तोवर तयार होऊन बसली होती. जांभळी साडी, केसात गजरा. गजरा तिनं चऱ्होलीहून डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. पायात काही नव्हतं. तिनं घड्याळाकडं बघितलं, आठ वाजून गेले होते.

"अहो, फोन तरी उचला."

मी म्हटलं, तपासात ढवळाढवळ नको.

"तुमी कंपनीचं गेट सांभाळलं, तवा मी कदी काय बोलले न्हाई," ती म्हणाली. "हितं कुठलं गेट हाय?"

बायकांना तपासातलं कळत नाही. मी म्हटलं, पाच मिनिटं दे, आणि अनवाणीच बाहेर पडलो. कारण तिसरा आणि सर्वात भक्कम संशय मला तेव्हाच सुचला होता. सूड. ज्याच्या डब्यातून मी ते एकमेव बेअरिंग काढलं होतं, त्या खंडूनं जाताना मला सांगितलं होतं, साहेब, बघून घेईन. इतकी वर्षं तो बघत होता आणि आता त्यानं घेतलं. वरच्या डेकवर गर्दीत मला पाठमोरी एक आकृती दिसली. तीच मान, तेच खांदे, तेच डोक्यावरचे विरळ केस. मी खुर्च्यांआडून, तलावाच्या कडेनं, आइस्क्रीमच्या रांगेतून तिचा पाठलाग केला. वळल्यावर ती बाई निघाली. मी नमस्कार केला आणि डोहाळजेवणाला बोलावणं करायला आल्यासारखा हसून मागं फिरलो. तिचा नवरा बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होता.

खोलीवर आलो तर खोली रिकामी. इंदू नाही. पर्स तशीच, चिवड्याचा डबा तसाच, पलंगापाशी गजऱ्याचं एक फूल पडलेलं. चपलांवरून प्रकरण माणसांवर गेलं होतं. अनवाणी बाई एवढ्या मोठ्या जहाजात एकटी कुठं जाणार? तिला लिफ्टमध्येसुद्धा भीती वाटते. तेवढ्यात तिसऱ्यांदा फोन वाजला. या वेळी मी झडप घालून उचलला आणि हिंदीत विचारलं, कितना मांगता है बोलो.

पलीकडे एक मुलगी होती, रिसेप्शनवरची. ती फार अदबीनं बोलत होती. तिनं सांगितलं की बोळातून संकटाच्या वेळी माणसं पळायची असतात, म्हणून तिथं काही ठेवलेलं चालत नाही. तुमच्या चपला बाहेर राहिल्या होत्या, त्या आमच्या माणसानं उचलून नंबर लावून खाली ठेवल्या. तेच सांगायला दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. आता मॅडम खाली आल्या होत्या, इथं चपला विकत मिळतात का असं विचारत. समोरच आपल्या चपला बघून केवढ्या हसल्या. सगळ्यांच्या घेऊन गेल्या. आणि सर, तुमचा एक लाडूसुद्धा आमच्याकडे आहे.

मी फोन ठेवला.

मग मी धावलो. लिफ्ट येईना म्हणून जिन्यानं उतरलो. डायनिंग हॉलच्या दारात एक धिप्पाड माणूस उभा होता आणि त्याचा एक हात दारावर होता, लावायच्या तयारीत. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं आणि मान हलवली. चालीवरून माणूस ओळखणारा होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं.

काचेतून आत दिसत होतं. दोघांचं टेबल, त्यावर मेणबत्ती, एका बाजूला इंदू. पायात सोनेरी पट्टा. समोर सूप ठेवलेलं आणि तिनं चमच्याला हात लावलेला नव्हता. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं दुसरं सूप, त्यावर तिनं बशी झाकली होती, निवू नये म्हणून. सेकंड शिफ्टहून मी घरी यायचो तेव्हा ताटावर ताट झाकलेलंच असायचं. झाकून ठेवणारी बाई त्याच्यासमोर कशी बसते, ते मी कधी बघितलं नव्हतं.

तिला मी दिसलो. ती उठली नाही, रागावलीही नाही. वाकून खुर्चीखालून तिनं एक पिशवी काढली आणि वाढप्याच्या हातात देऊन दाराकडे बोट केलं. पिशवीत माझे काळे बूट होते. दारावरच्या माणसानं मी नाडी बांधेपर्यंत वाट बघितली, पुन्हा एकदा पायांकडे बघून खात्री केली आणि मला आत सोडून दार लावलं.

समोर बसल्यावर मी तिला सांगायला सुरुवात केली की खरं तर सगळं मला पहिल्यापासून लक्षात आलं होतं, फक्त गुन्हेगाराला गाफील ठेवायचं होतं. तिनं सुपावरची बशी काढली आणि ते माझ्याकडे सरकवलं. वाढपी आला, त्यानं आधी तिला वाढलं. ती ताठ बसून वाढून घेत होती आणि मधूनच हसत होती. मी चमचा उचलला. दोन घास खाल्ल्यावर मला जाणवलं की टेबलाखाली माझे दोन्ही पाय मोकळे आहेत. जेवायला बसताना पायातलं काढायची सवय. बूट कधी काढले मलाच कळलं नव्हतं. मी घाबरून पायानं चाचपडू लागलो. एका बाजूनं वाढपी येत होता, दुसऱ्या बाजूनं झाडूवाला.

"निवांत जेवा," इंदू म्हणाली. "बुटांवर माजा पाय हाय."