तेरा पिचचा पंखा

सोहोनी काका माणसाला नाव विचारत नाहीत, त्याचा पिच सांगतात. हिल्सबरोत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी माझी सोफ्याशी चाललेली झटापट कुंपणावरून बघून ते म्हणाले, "तू एकवीस पिच. निघतानाच धापा टाकतोस. सुटलास की मात्र आवरत नसशील." मग बायकोकडे वळून, "ही अकरा. ओझं हीच ओढणार."

बायकोला काका तिथेच आवडले.

मला पिच माहीत क्रिकेटचा. त्यामुळे एकदा आपली बोट धुताना काका म्हणाले, "पलीकडच्याचा पिच चुकलाय," तेव्हा मी "हो ना, स्पिनला मदतच नाही" असं ठोकून दिलं. काकांनी पाइप खाली ठेवला आणि मला शिकवलं. बोटीचा प्रॉपेलर, काकांच्या भाषेत पंखा, एका फेरीत जितके इंच पुढे सरकायला हवा तो त्याचा पिच. बोट हलकी असेल तर मोठा घ्यायचा. माणसं भरायची तर लहान.

काकांचा पंखा तेराचा. नाताळाच्या आधी मनुकाऊ खाडीच्या चिखलातल्या दगडावर त्याचं पातं असं मुडपलं, की दुरुस्तीवाल्याने हातच जोडले. काकांचा गुडघा सुजलेला, म्हणून नवा आणायला मला माउंट वेलिंग्टनला बोटींच्या दुकानात पाठवलं. "तेराच आण. डोकं चालवू नकोस."

मी डोकं चालवलं. दुकानदाराने विचारलं, "बोटीवर किती जण असता, मेट?" म्हटलं, एकच म्हातारा, काकू गेल्यापासून एकटाच जातो. "मग तेरा कशाला? इंजिन किंचाळत असेल नुसतं. सतरा ने." स्वीट अ‍ॅज, इथल्या भाषेत एकदम झकास! वाटभर मी स्वतःवर खूश.

काकांनी खोकं उघडून आकडा वाचला. मी शिवीची तयारी ठेवली. ते हळूच म्हणाले, "हा एकट्या माणसाचा पंखा आहे रे."

"पण काका, तुम्ही एकटेच तर…"

"अनघा येतेय ना. जावई, मनू. एवढ्यांना घेऊन बोट पाण्यावर उचलायला नको?"

अनघा त्यांची मुलगी, क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये राहते. दर नाताळात येते म्हणते. मग जावयाचं काम निघतं, नातीचा कॅम्प निघतो, आणि काका फोनवर म्हणतात, "असू दे गं, हीप्स ऑफ टाइम आहे."

"तिकिटं काढली त्यांनी?" मी विचारलं. एकवीस पिच!

"काढतील." काका खोक्याची चिकटपट्टी पुन्हा पुन्हा दाबत होते. "आणि समजा आले, आणि बोट उचललीच नाही, तर मनूला वाटेल, आजोबांनी आपल्याला धरलंच नव्हतं."

मी खोकं उचललं आणि तसाच परत माउंट वेलिंग्टनला गेलो. दुकानदार हसला. "एकच जण म्हणाला होतास ना?"

"चुकलं. चार आहेत." त्याने तेराचा पंखा काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा म्हटलं, "पाच धर. मीही जाणार आहे."