कानटोपीला बंदी

अप्पा मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कानाकडे बघत. तुम्ही वाकून नमस्कार करा, चार गोष्टी बोला, त्यांची नजर तुमच्या कानावरून हलायची नाही. बोलता बोलता माणूस नकळत कानाला हात लावून बघायचा, काही चिकटलंय की काय.

आमच्या लोणावळ्यात चार महिने पाऊस आणि पुढे तीन महिने गारठा, त्यामुळे अख्खं गाव कानाला काहीतरी गुंडाळून फिरतं. मास्तरांच्या घरात मात्र कानटोपीला बंदी. पहिल्या दिवशी मी मफलर बांधून गेलो, तर दार अर्धंच उघडलं.

"कोण?"

"मी. स्टेशनातला पार्सल-कारकून. शिकायला या म्हणाला होतात."

"कान दाखवा."

दाखवले. मग म्हणाले, "हां, तुम्ही होय. या."

मला तैलरंगात माणसांची चित्रं काढायला शिकायचं होतं. मास्तरांनी आठ महिने माझ्याकडून कोळशाने नुसते कान काढून घेतले. म्हाताऱ्यांचे, पोरांचे, हमालांचे, एकदा तर स्टेशनमास्तरांचे, तेही ते झोपलेले असताना. मी कुरकुरलो की म्हणत, "तोंड खोटं हसतं हो. कानाला ते जमत नाही. कान आला की माणूस आला." चिक्की आणायलासुद्धा मला 'त्या मुडपलेल्या कानाकडे' धाडायचे. दुकानदाराचं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या बायकोने एकदा वही चाळली आणि म्हणाली, "एवढे कान घरात आहेत, पण मी हाक मारते ती एकालाही ऐकू येत नाही."

शेवटी भाद्रपदात तैलरंगाची परवानगी मिळाली, तर विलायतेतल्या लढाईमुळे मुंबईहून कॅनव्हास येईना. "कोपऱ्यातला जुना घ्या, त्यावर सफेद्याचा हात मारा," असं सांगून मास्तर पोस्टात गेले. कोपऱ्यात दोन होते, दोन्ही भिंतीकडे तोंड करून. मी हाताला आला तो उचलला. पावसाळी अंधार, कॅनव्हासवर बुरशी दाटलेली, आणि मला कोण घाई! फडकं न मारताच सफेद्याचा रुंद पट्टा ओढला. बुरशी सरकली आणि पट्ट्याशेजारून एक डोळा माझ्याकडे बघायला लागला.

बाईचा डोळा होता. चांगला रंगवलेला, जपून ठेवलेला. टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून पुसत सुटलो. जुना रंग वाळून दगड झाला होता म्हणून वाचलो. सफेदा तेवढा निघून आला. कपाळ शाबूत, गाल शाबूत, डोक्यावरून मागे सरकलेला पदर शाबूत. पण डाव्या कानाच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास. आता काय सांगू! ज्या माणसाने आठ महिने मला कानाशिवाय काही शिकवलं नाही, त्याच्याच चित्रातला कान मी पुसून टाकला होता.

तेवढ्यात कुरवंड्याहून दूध घालायला येणाऱ्या चंद्रामावशी दारात आल्या. चित्र बघून तिथंच थांबल्या. "आगं बया, ह्या तर मास्तरीणबाई. जाऊन बारा वर्सं झाली की."

आणि त्यांच्या पाठोपाठ छत्री मिटत मास्तर.

"मास्तर, माझ्या हातून घात झाला," मी म्हणालो. "कान पुसला गेला."

मास्तर चित्रासमोर स्टुलावर बसले.

"तो नव्हताच," ते म्हणाले. "ती गेल्यावर काढायला बसलो. सगळं आठवलं, कान आठवेना. चित्रात पदर मागे सारला, पण तिचा कायम कानावरून ओढलेला. अठरा वर्षांचा संसार, आणि मी चित्रं काढणारा माणूस. एकदाही बघितला नाही हो."

मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"तुमी कसा बगणार?" चंद्रामावशी म्हणाल्या. "त्या दावतच नव्हत्या. ल्हानपनी कानातली कुडी वढली गेलती, पाळी चिरलेली. आजारात त्यांचं केस मीच इंचरायची, तवा बगितली. म्हनायच्या, मास्तरांना सांगू नगंस. त्यांचा हात लय नीटस, माजं हे मोडकं त्यांना कशाला दावू."

मास्तरांनी चष्मा काढला. डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला, रंगाची पाटी घेतली. "मावशी, कुठवर चिरली होती?"

मावशींनी स्वतःचा पदर मागे सारला आणि कानाच्या पाळीवर नख टेकवून दाखवलं. त्या दुपारी मास्तरांनी तो फाटका कान रंगवला, अगदी सावकाश, एकेक छटा मावशींना विचारून. मी मधेच चुलीवर ठेवलेलं दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही. चित्र वाळल्यावर त्यांनी ते दारासमोरच्या भिंतीवर टांगलं, तोंड आमच्याकडे करून.

दिवाळीनंतर गारठा पडला. सवयीने मी दारातच कानटोपी काढायला लागलो.

"राहू द्या कानावर," मास्तर म्हणाले. "थंडी आहे." आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "चहा घेणार ना?"