बशीर पिंजारी आणि निजव्याचे इमाम

आमच्या सौंसरच्या बाजारात बशीर पिंजारी कोणालाही पदावरून उतरवायचा. बसल्या जागी, कापूस पिंजता पिंजता. पटवारी जागेवर सापडत नाही, उतरवा. हेडमास्तर पोरांना मारतो, उतरवा. एकदा माझ्या व्याह्यालाही उतरवलं. तो बिचारा कुठं चढलेलाच नव्हता.

त्याच्या शेजारी माझं दोर-दाव्यांचं दुकान. शिक्षण माझं दुसरीपर्यंत, पण खरं-खोटं मला कळते. बशीर काही वर्षं मस्कतला सिमेंट वाहायला होता. तिथल्या एका बुढ्या पहारेकऱ्यानं त्याला निजवा गावच्या इमामांची हकीकत सांगितली. त्या मुलखात म्हणे शेकडो वर्षं इमामच राज्य चालवायचे. जाणते लोक जमून इमाम निवडत, आणि तो वाकडा चालला तर तेच त्याला उतरवत.

"मग राजाच काहून नाही म्हणत?" मी विचारलं.

"राजा आपल्या बापाचा असते भाऊ. इमाम लोकायचा असते."

"अन् म्हातारा झाला तर?"

"तरी उतरवते. एकाचे पाय चालेनात, त्याले उतरवला." मग म्हणाला, "त्याच्यावरून लय मारामाऱ्या झाल्या, ते सोडा."

मी सोडतो होय? "मारामाऱ्या झाल्या म्हणजे उतरवणंच चुकलं," म्हटलं. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या हिवाळ्यात बाजारामागच्या मशिदीतले बुढे इमामसाहेब नमाज पढवताना कुराणातल्या आयती विसरू लागले. मशिदीच्याच खोलीत राहायचे, मागंपुढं कोणी नाही. कमिटीवाले बशीरकडे आले.

"बशीरभाई, ज्याला झेपत नाही त्याले उतरवा, हे तुमचंच म्हणणं. जुम्म्याला सर्वांसमोर बोला. नवा माणूस पाहून ठेवला. खोली त्याले लागन."

बशीर "बोलतो" म्हणाला. शुक्रवारी गेला, परत येऊन पिंजायला बसला.

"उतरवलं?" मी विचारलं.

"आज अडलेच नाही ते."

पुढच्या शुक्रवारीही तेच. शेवटी कमिटीतल्या एकानं वैतागून मला सांगितलं. बशीर आता पहिल्या रांगेत, बरोबर इमामसाहेबांच्या मागं उभा राहतो. ते अडले की मागून पुढचे शब्द देतो. त्याला लुकमा म्हणतात, धर्मात त्याची मुभा आहे. नमाज पार पडते, मग उतरवायला कारण काय सांगणार?

मी तडक बशीरला गाठलं. "अरे, तू तर जुम्म्याशिवाय मशिदीत जात नव्हता. तुले एवढं पाठ कधी झालं?"

"करून राहिलो ना. रोज दुपारी शिकतो."

"कोणापाशी?"

"त्यायच्याचपाशी. शिकवताना एक शब्द चुकत नाही ते." त्यानं डबा उचलला अन् मशिदीकडं निघाला. डबा उघडाच होता. भाकरी दोघांच्या होत्या.