मे महिन्याचं काय?

दिघे सर कोणाच्याही घरी गेले की आधी चालू असलेली बटनं बंद करतात, मग नमस्कार. आमच्या देवासमध्ये याचं आता कोणाला नवल नाही. एकदा मंदिरात भर आरतीत त्यांनी विजेवरचा नगारा बंद केला. “देवानं हात दिलेत ना? वाजवा टाळ्या!” माझ्या दुकानाची पाटी तर ते येता-जाता विझवतात. “मोरे, भरदिवसा दिवा कशाला? तू दिसतोयस की!”

असा माणूस सरकारी शाळेच्या समितीत. मी सोलरचा धंदा शून्यातून उभा केलेला. शाळेच्या गच्चीवर पॅनल बसवायचं ठरत होतं. वाटलं, विजेसाठी एवढा जीव टाकणारा माणूस आपल्याच बाजूनं बोलेल. शिवाय या हिंदी मुलखात मराठी. पण आपलाच माणूस आपल्याला आडवा येतो, हा माझा नेहमीचा अनुभव. इंदूरचा कोणी पॅनलवाला आला असता तर त्याला यांनी पोहे खाऊ घालून होकार दिला असता.

बैठकीत बाकी सगळे राजी. सर म्हणाले, “मे महिन्याचं काय? ऊन तेव्हा सगळ्यात कडक, आणि शाळेला सुट्टी.”

“सर, ती वीज तारेतून बाहेर जाते. बिलातून वजा होते.”

“ते कळलं रे. पण शाळेत काय?”

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. माझं डोकं फिरलं.

“सर, तुमची घरी वाट बघणारं कोणी नाही. आम्हाला घरं आहेत!”

सर उठले. दाराशी चपला घातल्या आणि निघून गेले.

“भिया, ये आपने क्या कह दिया!” हेडमॅडम म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं. दिघेकाकू वारल्यापासून सर उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज शाळेची किल्ली मागून नेतात. एक खोली उघडतात, झाडतात, फळ्यावर तारीख घालतात आणि बसून राहतात. वस्तीतली पोरं आली तर शिकवतात. पण बिल वाचवायला सुट्टीत वर्गांची वीज बंद ठेवतात. त्या भट्टीत पोरं टिकत नाहीत. “ज़्यादातर अकेले ही बैठे रहते हैं।”

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. माफी मागायला जातो, असं बायकोला सांगितलं. समितीत सगळ्यांची सही लागते, त्यांच्या होकाराशिवाय काम अडलं होतं, हेही तितकंच खरं.

सरांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “मोरे, मेमध्ये एका खोलीत पंखा चालेल?”

“चालेल, सर.”

“मग पोरं येतील?”

पॅनलची गॅरंटी मी देतो. पंख्याचीही दिली असती.

“येतील,” मी फरशीकडे बघत म्हणालो.

“मग बसव,” सर म्हणाले आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले.