चौसष्ट आकड्यांची मोहर

“माझ्या पोरीच्या लग्नपत्रिकेतलं एक टिंब कोणी हलवून दाखवावं! मिशी उतरवून देईन!” शामरावांनी गर्जना केली आणि कप असा आपटला की त्याचा कानच तुटला.

शामराव आदिलाबादच्या तहसीलीत तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळून निवृत्त झालेले. नकलांमध्ये लोक काय काय घुसवतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि घरच्यांवर तर मुळीच नाही!

वल्लरीचं लग्न जैनथच्या नागोरावांच्या मुलाशी ठरलं होतं. पत्रिका शामरावांनी स्वतः टाइप केली. धास्ती एकाच माणसाची होती, मेहुणा भगवानराव! थोरलीच्या लग्नात या गृहस्थाचं नाव छापखान्यात जाता जाता यादीच्या तळातून उठून सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. हे काम त्याच्या बहिणीचं, म्हणजे आपल्याच बायकोचं, विनोदिनीबाईंचं, अशी शामरावांची खात्री होती. आठ वर्षं झाली तरी आठवण आली की त्यांचं डोकं फिरायचं.

यंदा म्हणून त्यांनी हैदराबादला असलेल्या भार्गवकडून, म्हणजे मुलाकडून, संगणकात एक प्रोग्राम टाकून घेतला. त्याला फाईल दिली की तो चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक माळ काढून द्यायचा. फाईलमध्ये एक काना सरकला तरी अख्खी माळ बदलणार! शामरावांनी माळ डायरीत उतरवली, खाली सही ठोकली आणि माळेची एक नक्कल, प्रोग्रामसकट, छापखान्याच्या सुधाकररावांना दिली.

“हे आकडे जुळल्याशिवाय मशीन चालू करायची नाही!”

दुसऱ्या दिवशी विनोदिनीबाईंनी पत्रिका वाचली आणि त्यांचा हात मंगळसूत्राकडे गेला.

“अहो, हे असं काऊन लिहिलं?”

“असं म्हणजे कसं?”

“ते... मले नाही बोलता येत ते!”

“मग बोलू नको!”

बाईंनी वल्लरीकरवी पत्रिका गुपचूप भार्गवला पाठवली आणि फोन केला. त्याने पत्रिका नीट करून पाठवली, वल्लरीने ती जुन्या फाईलच्या जागी ठेवली. संध्याकाळी शामरावांनी तपासली तर पडद्यावर लाल पट्टी. जुळत नाही!

“घात! घरातच घात!” त्यांनी भार्गवला फोन लावला. “फाईलले हात कोणी लावला?”

“मीच, बाबा. आईनं सांगितलं. तुमच्या नावाच्या आधी—”

“माझ्या नावाच्या आधी? त्या भगवानरावाचं नाव? काऊन, मी मेलो का?”

“बाबा, तेच तर सांगून राह्यलो—”

शामरावांनी फोन गादीवर भिरकावला, पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवलेली मूळ फाईल उचलली आणि तडक छापखाना गाठला. सुधाकररावांनी आकडे ताडून पाहिले. हिरवी पट्टी! मग त्यांनी पत्रिका वाचली, चष्मा पुसला, शामरावांकडे पाहिलं आणि पुन्हा पत्रिका वाचली.

“साहेब, आकडे जुळले. पण तुमच्या नावाच्या आधी—”

“तुमालेही फितवलं त्यानं? छापा!”

सुधाकरराव शहाणे. त्यांनी मुकाट्याने सही घेतली आणि पाचशे पत्रिका छापल्या.

पहिली पत्रिका व्याह्यांना द्यायची. “मी नाही येत,” विनोदिनीबाई डोळे पुसत म्हणाल्या. शामराव एकटेच ऑटोने जैनथला गेले. नागोरावांनी पाटावर बसवलं, चहा दिला आणि आईला, बयनाबाईंना, वाचता येत नाही म्हणून पत्रिका मोठ्याने वाचायला घेतली.

“चि. सौ. कां. वल्लरी... कै. बापूजी यांची नात... आन् सौ. विनोदिनी व कै. शामराव यांची...”

नागोराव थांबले. बयनाबाईंनी शामरावांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“मंग नागो, हे कोन बसून राह्यले?”

शामरावांनी पत्रिका हिसकावली. आपल्या वडिलांच्या नावाची ओळ उचलून खाली चिकटवताना त्यांनी नाव तेवढं बदललं होतं, ‘कै.’ तसंच राहिलं होतं. अंगणातच छापखान्याला फोन लागला.

“सुधाकरराव! हे कोणी घुसवलं?”

“कोणीच नाही, साहेब. आकडे अजूनबी जुळून राह्यले.”

“राहू द्या हो,” बयनाबाई म्हणाल्या. “जित्या मानसाच्या मरनाची बातमी उठली का आयुष्य वाढते.” आणि चुलीतल्या कोळशाने तो शब्द त्यांनी स्वतः खोडून घेतला.

घरी विनोदिनीबाई दारातच उभ्या होत्या. “बायकोच्या तोंडून तो शब्द निघते का? दोन दिवस जीव तोडून सांगून राह्यली मी, आन् तुमी माह्या भावाच्या नावानं बोंबा मारून राह्यले!”

शामरावांनी फाईलमधून तो शब्द काढला आणि सवयीने तपासणी केली. लाल पट्टी.

“काय म्हणते ते तुमचं?”

“जुळत नाही म्हणते,” शामराव पुटपुटले.

“देव पावला!” बाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात ब्लेड दिलं. “घ्या, खरवडा. चारशे नव्याण्णव राह्यल्या. तुमच्यानं एकट्यानं होत नाही म्हणून भगवानदादाले बोलावलं हाय.”